मुलाला काय होतंय, ते मुलाला सांगा

वाचकहो, या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. बोलायला लागली की समोरच्याला चकित करणारी, पण वाचताना अडणारी, लिहिताना थकणारी, आकड्यांत हरवणारी मुलं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. मी विशेष शिक्षिका आहे आणि शाळेतल्या एका छोट्या खोलीत दोघा-तिघांना घेऊन बसते, त्यामुळे ही पत्रं वाचताना प्रत्येक वेळी कुणाचा तरी चेहरा समोर येत होता.

जवळपास प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच विनंती आहे: कृपया नाव छापू नका. नावं छापलेली नाहीत. पण ही विनंती मला टोचते. घरात, वर्गात, नातेवाइकांत आपण ही गोष्ट जितकी दडवतो, तितकी मदत उशिरा पोहोचते. खालच्या उत्तरांत हे पुन्हा पुन्हा येईल, कारण मला ते अगदी मनापासून वाटतं.

प्रश्न: ताई, माझा मुलगा तिसरीत आहे. ऐकलेली गोष्ट त्याला शब्दन् शब्द आठवते. पुस्तक उघडलं की मात्र अक्षरागणिक थांबतो. ‘घर’ला ‘धर’ म्हणतो, जोडाक्षर आलं की काहीतरी ठोकून देतो. वर्गशिक्षिका म्हणतात, मुलगे उशिराच वाचायला लागतात, पाचवीपर्यंत येईल. डोळे तपासले, ठीक आहेत. वाट पाहू का? आणि तपासणीत काही निघालं तर त्याला सांगायचं की नाही? त्याच्या मनात न्यूनगंड बसेल अशी भीती वाटते. – तिसरीतल्या मुलाची आई

उत्तर: वाट पाहू नका.

घ-ध, भ-म, ब-व, थ-य यांची गल्लत पहिली-दुसरीत पुष्कळ मुलं करतात. तेवढ्यावरून काही ठरत नाही. मी नव्या मुलाला भेटते तेव्हा पहिल्यांदा पुस्तक काढतच नाही. नुसतं बोलून विचारते: ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? ‘पाटी’ आणि ‘दाटी’ यांत सारखं काय ऐकू येतं? ‘नदी’ उलटी म्हण बरं. घरी तुम्हीही हे खेळासारखं करून बघा. त्याच्या वयाच्या इतर मुलांना जे चटकन जमतं तिथे तो गडबडत असेल, तर अडचण बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करण्यात आहे. शब्दाचे आवाज मनात सुटे झाले नाहीत, तर कोणत्या आवाजाला कोणतं अक्षर जोडायचं हे पक्कं होत नाही. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची अक्षमता. ती असलेल्या बहुतेक मुलांची मूळ अडचण ही असते. डोळे ठीक निघाले यात नवल नाही. कान मात्र एकदा तपासून घ्या, कारण कमी ऐकू येत असेल तरी अशाच चुका होतात.

आपल्या लिपीची काही वळणं या मुलांना खास नडतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. रफाराचं याच्या उलट: ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी येतो, पण कागदावर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘प्र’, ‘ट्र’, ‘र्क’, ‘ऱ्या’ या चारही ठिकाणी ‘र’च आहे, हे मोठ्यांना इतकं सवयीचं झालेलं असतं की मूल इथे का थांबतं तेच कळत नाही. तुमचा मुलगा जोडाक्षराशी अंदाज बांधतो तो आळसाने बांधत नाही. तिथे त्याच्यासमोर खरोखरच कोडं असतं.

‘पाचवीपर्यंत येईल’ याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. मराठी बरीचशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूलही चौथी-पाचवीपर्यंत बरीच अक्षरं बरोबर ओळखायला लागतं. चुका घटतात, वेग वाढत नाही. एक परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. पण वाचन कानाला बरोबर लागतं म्हणून सगळे निश्चिंत होतात, आणि मग सहावी-सातवीत इतिहास-विज्ञानाचे लांबलचक धडे आले की मूल एकदम कोसळतं. ‘अचानक काय झालं हो याला?’ असं विचारत आई-बाबा येतात. अचानक काहीच झालेलं नसतं.

तपासणी मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून करतात. बुद्धीची चाचणी, वाचन-लेखन-गणिताची चाचणी, शाळेतली माहिती, घरचा इतिहास, असं सगळं एकत्र पाहून निष्कर्ष काढतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 सालच्या निदान-पुस्तिकेत एक महत्त्वाची अट आहे: नेमकी मदत देऊनही अडचण किमान 6 महिने टिकून असली पाहिजे. याचा सरळ अर्थ मी असा घेते की मदत आजपासून सुरू करायची, कागद हातात पडायची वाट बघायची नाही.

रोज वीस मिनिटं द्या. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. काना आणि वेलांट्यांपर्यंतचे शब्द पक्के झाल्याशिवाय जोडाक्षरांकडे जाऊ नका. अक्षर बोटाने गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायला लावा, नुसतं गिरवून भागत नाही. मग तीन-चार ओळींचा उतारा तुम्ही दोघं एका सुरात वाचा, तो अडला तर शब्द लगेच सांगा आणि पुढे चला. ‘नीट बघ, कालच तर सांगितलं होतं’ हे वाक्य त्या वीस मिनिटांत येता कामा नये. आणि झोपताना तुम्ही त्याला वाचून दाखवणं कधीच थांबवू नका. त्याचे शब्द, त्याची समज त्याच्या वयाप्रमाणे वाढायला हवी. ती त्याच्या वाचनाच्या वेगासाठी अडून राहू नये.

आता न्यूनगंडाचं. तो वर्गात रोज बसतो. शेजारच्या बाकावरची मुलगी पान उलटते तेव्हा आपण दुसऱ्या ओळीवर आहोत, हे त्याला तुमच्या कितीतरी आधी समजलेलं आहे. त्याचं कारणही त्याने स्वतःपुरतं शोधून ठेवलंय: ‘मी ढ आहे.’ तुम्ही जे सांगाल ते या कारणाची जागा घेईल. म्हणून सांगा, आणि साध्या शब्दांत सांगा. ‘तू हुशार आहेस हे आम्हाला माहीत आहे. आवाज आणि अक्षर यांची जोडी लावायला तुझ्या मेंदूला जास्त वेळ आणि जास्त सराव लागतो. याला डिस्लेक्सिया म्हणतात. तुझ्यासारखी खूप मुलं आहेत. तुला शिकवायची एक वेगळी पद्धत आहे आणि ती आपण वापरणार आहोत.’ बस, एवढंच. ही तुझ्यातली जादूची शक्ती आहे, वगैरे सांगू नका. उद्या वर्गात अडखळल्यावर त्याला ते खोटं वाटेल, आणि मग तुमचं बाकीचंही खोटं वाटेल.

प्रश्न: बाई, नातू बुद्धिबळात मला हरवतो. दहा ओळी वाच म्हटलं की त्याचं पोट दुखतं. सूनबाई म्हणतात डिस्लेक्सिया आहे. आमच्या वेळी असलं काही ऐकलं नव्हतं. मीही लहानपणी वाचनात कच्चा होतो, मास्तरांच्या छड्या खाल्ल्या आणि सुधारलो. मुलांचे लाड करायला ही नवी नावं निघाली आहेत असं नाही का वाटत तुम्हाला? – एक आजोबा

उत्तर: आजोबा, नमस्कार. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते.

1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. मुलगा चलाख, खेळात समवयस्कांच्या तोडीस तोड, मोठे आकडे झटपट वाचणारा, तीन आकडी संख्यांचा गुणाकार बिनचूक करणारा. सात वर्षांचा असल्यापासून त्याला वाचायला शिकवत होते, तरी साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल व्हायची. त्याला कित्येक वर्षं शिकवणाऱ्या मास्तरांचं मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द तर त्याच्याही आधी, 1887 मध्ये, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्यांनी वापरला होता. तुमचा नातू आणि तो मुलगा यांच्यात सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, आणि वर्णन मात्र जवळपास तेच.

पण तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच एका ओळीपाशी मी थांबले: ‘मीही लहानपणी वाचनात कच्चा होतो.’ ही अडचण घराण्यात चालते. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला वाचनाची अक्षमता असेल, तर मुलात ती असण्याची शक्यता 4 ते 8 पट जास्त असते, असं ती 2013 ची निदान-पुस्तिकाच सांगते. आजोबांकडून नातवाकडे आलेली उदाहरणं मी माझ्या खोलीत पाहिली आहेत. तुम्हाला ती आहेच, असं पत्रावरून मी म्हणणार नाही. पण आजही वाचायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो का, मोठी पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावीशी वाटतात का, याचा विचार करून बघा. छड्यांमुळे सुधारलो असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, छड्या खाऊनही तुम्ही चिकाटी सोडली नाही म्हणून सुधारलात. श्रेय तुमचं आहे, मास्तरांना देऊ नका.

नातवाचं पोट खरंच दुखतं. भीतीने दुखलेलं पोटही दुखतंच. तुम्ही त्याच्यासाठी जे करू शकता ते त्याची आई किंवा मी करू शकत नाही. बुद्धिबळाचा डाव मांडलेला असताना एकदा त्याला सांगा, की तुझ्या वयाचा असताना मलाही वाचता येत नव्हतं. काय वाटायचं, मास्तर काय म्हणायचे, तुम्ही कुठे लपायचात, सगळं सांगा.

प्रश्न: मी प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत, त्यातली चार-पाच नक्की अशी आहेत. शाळेत विशेष शिक्षक नाहीत. मला जादा वेळ कुठून आणायचा? आणि एखाद्याला परीक्षेत जास्त वेळ दिला तर बाकीची मुलं आणि त्यांचे पालक म्हणतात, हा अन्याय आहे. – एक शिक्षिका

उत्तर: मैत्रिणी, चार-पाच हा तुमचा अंदाज अगदी वास्तवातला आहे. वेगवेगळ्या भाषांत आणि देशांत मिळून शाळकरी वयाच्या 5 ते 15 टक्के मुलांना वाचन, लेखन किंवा गणितातली अक्षमता असते असं मानलं जातं. म्हणजे मोठ्या वर्गात अशी मुलं आहेत का, हा प्रश्नच नाही. ती कुठल्या बाकावर बसली आहेत, एवढंच शोधायचं असतं.

जादा वेळ तुमच्याकडे नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून आधी काय थांबवता येईल ते सांगते, कारण थांबवायला वेळ लागत नाही. पूर्वसूचना न देता अशा मुलाला उभं करून मोठ्याने वाचायला लावणं थांबवा. वर्ग हसतो तो क्षण मुलं मोठेपणीही विसरत नाहीत. माझ्याकडे येणारी मुलं वाचनाच्या अडचणीबद्दल फार बोलत नाहीत, त्या हसण्याबद्दल बोलतात. त्याने वाचावं असं वाटत असेल तर आदल्या दिवशी चार ओळी खुणा करून द्या, ‘उद्या एवढंच विचारेन’ असं सांगा आणि मग खरंच तेवढंच विचारा.

दुसरं म्हणजे फळ्यावरून उतरवून घेणं. वर बघायचं, अक्षरं लक्षात ठेवायची, खाली बघायचं, वहीत जागा शोधायची, लिहायचं, पुन्हा वर बघून सुटलेली ओळ शोधायची. आपल्याला हे एक काम वाटतं. त्या मुलासाठी ती पाच-सहा कामं आहेत, आणि ती करताना तुम्ही काय शिकवताय ते त्याच्या कानावरून जातं. शेजारच्या मुलीच्या वहीचा फोटो किंवा झेरॉक्स त्याला मिळू द्या. गृहपाठ फळ्यावर लिहून देता ना? तो तोंडीही सांगा.

तिसरी गोष्ट लाल शाई. विज्ञानाच्या उत्तरात ‘प्रकाशसंश्लेषण’ शब्दाचं शुद्धलेखन चुकलं, पण प्रक्रिया बरोबर समजावली, तर विज्ञानाचे गुण पूर्ण द्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हव्या तर कडेला पेन्सिलने दाखवा. सगळं पान लाल झालं की मूल त्यातली एकही चूक वाचत नाही, वही मिटून टाकतं.

आता अन्यायाचं. या प्रश्नाला मी पालकांना प्रतिप्रश्न करते: ही परीक्षा काय मोजते आहे? भूगोलाची परीक्षा नद्या, हवामान, नकाशा यांचं ज्ञान मोजते. तिथे प्रश्न वाचायला लागणारा वेळ मोजायचा असेल तर तसं वेळापत्रकावर लिहायला हवं. म्हणून भूगोलाच्या पेपरला जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारं माणूस किंवा लेखनिक देणं योग्यच आहे. वाचनाचीच चाचणी असेल तेव्हा मात्र उतारा वाचून दाखवायचा नाही, कारण तिथे वाचनच मोजायचं आहे. एवढी साधी कसोटी लावली की कोणती सवलत द्यायची आणि कोणती नाही, यावरचे बरेच वाद मिटतात. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे. त्या मुलाची आणि पालकांची परवानगी घेऊन वर्गाला एकदा स्वच्छ सांगा. कुजबुज चालते ती न सांगितल्यामुळे.

संयुक्त राष्ट्रसंघाने 2006 मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात 24 वं कलम शिक्षणाचं आहे. विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात असं ते स्पष्ट म्हणतं. मुख्याध्यापकांशी बोलताना याचा आधार घ्या. तुम्ही कुणावर मेहेरबानी करत नाही आहात.

प्रश्न: रंगीत काचांचा चष्मा, डोळ्यांचे व्यायाम, मेंदू तल्लख करणारी औषधं यांनी डिस्लेक्सिया बरा होतो का? – एक बाबा

उत्तर: नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये एकत्रित निवेदन काढून सांगितलं, की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत भिंगं यांनी डिस्लेक्सियात फायदा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. वाचन-अक्षमता घालवणारं औषधही नाही. त्याबरोबर अवधानाची अडचण असेल तर तिच्यासाठी डॉक्टर औषध सुचवू शकतात, पण ती वेगळी गोष्ट आहे. पैसे आणि त्याहून मोलाची शाळेची वर्षं पद्धतशीर शिकवण्यावर खर्च करा. ‘तीन महिन्यांत खात्रीने बरा’ अशी पाटी दिसली की तिथून परत फिरा.

प्रश्न: मुलगी वाचते छान, निबंध सुंदर लिहिते. गणितात मात्र पाचवीतही बोटं मोजते. हातचा विसरते, घड्याळ वाचता येत नाही, पाढे आज पाठ आणि उद्या कोरी पाटी. हेही अध्ययन अक्षमतेत येतं का? – एक आई

उत्तर: येऊ शकतं. याला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. लादिस्लाव कोश्च या संशोधकांनी 1974 मध्ये या अडचणीचं सविस्तर वर्णन केलं, तरी आजही ती वाचनाच्या अडचणीपेक्षा कमी ओळखली जाते. गणितात कच्ची असणं सगळ्यांना स्वाभाविक वाटतं, मुलींच्या बाबतीत तर जास्तच, आणि त्यामुळे तपासणीचा विचारही कुणी करत नाही. तुम्ही केलात हे फार चांगलं झालं.

अशा मुलांना संख्येचा ‘आकार’ जाणवत नाही. 8 आणि 9 यांत थोडा फरक आहे आणि 8 आणि 80 यांत खूप, हे आपल्याला विचार न करता कळतं, त्यांना ते मोजून काढावं लागतं. म्हणून बोटं मोजण्यावर बंदी घालू नका. जमिनीवर खडूने संख्यारेषा आखा आणि तिच्यावर चालायला लावा. दहाचे गठ्ठे करून सुटे करायला द्या, हातचा म्हणजे काय ते हाताने घडू द्या. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून गणितं सोडवू द्या. सगळे पाढे पाठ होईपर्यंत गणिताचा विचार करायलाच मनाई असावी, हे मला कधीच पटलेलं नाही.

प्रश्न: आम्ही काही पालक मिळून शाळेत अध्ययन अक्षमतेविषयी जाणीव-जागृतीचा कार्यक्रम करणार आहोत. ऑक्टोबर महिना त्यासाठी पाळतात असं कळलं. थोर शास्त्रज्ञांची पोस्टर, मुलांना उलटसुलट अक्षरांचा कागद वाचायला देऊन ‘डिस्लेक्सियाचा अनुभव’, असं ठरतंय. आणखी काय करावं? – पालकांच्या गटातर्फे

उत्तर: कार्यक्रम जरूर करा. 1963 मध्ये शिकागोत अशाच अस्वस्थ पालकांची एक परिषद भरली होती. मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क तिथे बोलले आणि त्यानंतर पालकांनी देशभराची संघटना बांधली. पुढचे कितीतरी बदल त्या संघटनेच्या रेट्यामुळे झाले. पालकांच्या गटाला कमी लेखू नका.

ठरलेल्या दोन्ही गोष्टींबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पोस्टरवर आइनस्टाइन आणि लिओनार्दो नकोत. त्यांना डिस्लेक्सिया होता याचा पुरावा नाही, आणि गेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही. ज्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं अशांना घ्या. 2009 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कॅरोल ग्रायडर आणि 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले जाक द्युबोशे या दोघांनी आपल्या डिस्लेक्सियाबद्दल मोकळेपणाने सांगितलं आहे. तरीही, पोस्टरसमोर उभ्या असलेल्या चौथीतल्या मुलाला नोबेल मिळवायचं ओझं नको वाटू शकतं. पुढच्या वर्गातला एखादा ताई-दादा ‘मी असा अभ्यास करतो’ असं सांगायला तयार असेल, तर त्याची दहा मिनिटं मला सगळ्या पोस्टरांहून मोलाची वाटतील. तयार असेल तरच. कुणाला आग्रह करून मंचावर उभं करू नका.

उलटसुलट अक्षरांच्या कागदाने मुलांना वाटतं, डिस्लेक्सियात अक्षरं नाचतात. तसं नसतं. मूळ अडचण बहुतेकदा आवाज सुटे करण्यात असते, हे वर आलंच आहे. शिवाय अपंगत्वाचं काही मिनिटं सोंग घेण्याच्या उपक्रमांवर 2017 मध्ये एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. सहभागी झालेल्यांच्या मनात गोंधळ, लाज आणि असहायपणा वाढला, असं त्यात दिसलं. ‘बापरे, असं जगणं किती कठीण!’ एवढीच दया घेऊन मुलं घरी गेली तर उपयोग काय?

त्यापेक्षा कार्यक्रमाच्या दिवशी शाळेकडून दोन-तीन ठोस निर्णय मिळवा. घटक चाचणीत जादा वेळ कोण, कुणाकडे अर्ज करून मागू शकतो, हे सूचनाफलकावर लागू दे. पाठ्यपुस्तकांचं ध्वनिमुद्रण करायला पालकांनी आवाज द्यावेत. तुमच्यातला एकेक जण आठवड्याला एक धडा वाचून देऊ शकतो, आणि त्याचा उपयोग शाळेतल्या अंध मुलांपासून शाळेची भाषा नुकतीच शिकू लागलेल्या मुलांपर्यंत सगळ्यांना होईल. नव्या शिक्षकांना मूल वाचनात अडलं तर कुणाला कळवायचं, ते एका पानावर लिहून द्या. आणि कार्यक्रमाच्या दिवशी मंचावरून बोलणाऱ्यांत एक तरी बाबा असू द्या. माझ्या खोलीबाहेर बाकावर वाट बघत बसलेल्या बहुतेक आयाच असतात.

प्रश्न: ताई, मी नववीत आहे. मला डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया आहे. रिपोर्ट आहे, पण आई म्हणते वर्गात कुणाला सांगू नकोस. मला जादा वेळ मिळू शकतो पण तो घेतला तर सगळ्यांना कळेल. मैत्रिणी म्हणतील मी इतके दिवस खोटं वागले. काय करू? – नववीतली एक विद्यार्थिनी

उत्तर: तुझं पत्र मी जसंच्या तसं ठेवलंय, एक अक्षर बदललेलं नाही. तुझं म्हणणं पहिल्या वाचनातच स्वच्छ समजलं. (इतर वाचकांसाठी: डिसग्राफिया म्हणजे लेखनाची अक्षमता.)

तू खोटं वागलेली नाहीस. स्वतःबद्दलची गोष्ट कधी, कुणाला सांगायची हे ठरवायचा हक्क तुझा आहे, आणि आत्तापर्यंत तुला सुरक्षित वाटलं नाही म्हणून तू सांगितली नाहीस. आईही भीतीपोटीच म्हणते आहे. तिने तुझ्यासाठी धावपळ करून रिपोर्ट मिळवला, तो कपाटात ठेवायला नक्कीच नाही. हे उत्तर तिला वाचायला दे, किंवा दोघी मिळून वाचा.

सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. दोन माणसांपासून सुरुवात कर: एक मैत्रीण आणि एक शिक्षक. मैत्रिणीला एवढंच सांग: ‘मला डिस्लेक्सिया आहे. वाचायला आणि लिहायला मला तुझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. समजायला लागत नाही.’ ती काय म्हणते ते बघ. कदाचित तिला आधीच थोडंफार लक्षात आलेलं असेल. कुणी चिडवलंच, तर ते सहन करायची गोष्ट नाही. ते शिक्षकांच्या कानावर घालायचं.

जादा वेळ घे. नववीत घेतलास तरच दहावीत त्याचा फायदा होईल, कारण तो वेळ वापरायचाही सराव लागतो. मिळालेली मिनिटं बहुतेक मुलं हळूहळू लिहिण्यात घालवतात. तू सुरुवातीची दहा मिनिटं फक्त प्रश्न वाचायला ठेव, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मार, आणि शेवटची दहा फक्त प्रश्नांचे क्रमांक आणि सुटलेले प्रश्न तपासायला. लेखनिक घ्यायचा असेल तर त्याच्याबरोबर घरी जुने पेपर सोडव. बोलून उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. स्वल्पविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, आकृतीला नावं कोणती, सगळं तोंडाने सांगावं लागतं. फोनमध्ये मजकूर वाचून दाखवायची सोय मराठीतही आहे. इतिहासाचे धडे आधी ऐक आणि मग पुस्तक घेऊन बस.

वर्गशिक्षकांसाठीचा अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. पहिल्या वाक्यात निदान आणि रिपोर्टची तारीख, दुसऱ्यात वर्गात नेमकं काय अवघड जातं, तिसऱ्यात तुला काय हवं आहे: जादा वेळ, फळ्यावरच्या मजकुराची प्रत, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, यातलं जे तुला लागू असेल ते. रिपोर्टची झेरॉक्स जोड, मूळ प्रत घरी ठेव, आणि अर्ज मिळाल्याची सही तारखेसह दुसऱ्या प्रतीवर घे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नकोस, याच आठवड्यात दे. शाळेने टाळाटाळ केली तर त्या सहीच्या प्रतीसकट मला पुन्हा लिही. पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.